शेवाळ संपतं, मासा उरतो

दर रविवारी सकाळी माझी भाची बडोद्यातल्याच कारेलीबागेतून आमच्या दांडिया बाजारातल्या घरी येते. मावशी हे निमित्त, खरी ओढ बैठकीच्या खोलीतल्या माशांच्या टाकीची. गेल्या रविवारी मी पोळ्या करत होते आणि बाहेरून हाक आली, "मावशी, लवकर ये! फॉक्सफेस कोरल खातोय!"

गॅस बंद करून धावत गेले. पिवळाधमक मासा तोंड पुढे काढून लेदर कोरलच्या, म्हणजे एका मऊ प्रवाळाच्या, देठाशी उभा होता. त्याने एक टोचा मारला. कोरलच्या टोपीवरचे बारीक तुरे टचकन आत गेले, जणू एखाद्याने वाटाणे सोलताना बोट दाबलं. मासा क्षणभर थांबला, मग शेजारच्या दगडावर तसेच चार टोचे मारून पुढे गेला.

"हा खातोय की नुसतं पुसून घेतोय?" भाचीने विचारलं.

मला हा प्रश्न फार आवडला. रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल असलेली खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवणारे बहुतेकजण मासा घेताना "रीफ-सेफ आहे का?", म्हणजे कोरलला त्रास देत नाही ना, एवढंच विचारतात आणि हो किंवा नाही असं उत्तर घेऊन घरी येतात. शेवाळ खाणाऱ्या माशांच्या बाबतीत त्या उत्तराला फारसा अर्थ नसतो. भाचीला त्या दिवशी जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी टाकीबद्दल थोडं. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. म्हणजे २० घनफूट, साधारण साडेपाचशे लिटर. काच, दगड, स्टँड धरून सगळं वजन पाऊण टनाच्या घरात जातं, म्हणून ती जुन्या घराच्या तळमजल्यावरच ठेवली. पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ, तापमान २५-२६ अंश. चैत्रात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा चिलर दिवसभर चालतो. टाकीत लेदर, मश्रूम आणि बारीक चकत्यांच्या वसाहती करणारे झोअँथिड आहेत. झोअँथिडना शौकीन लोक नुसतं झोआ म्हणतात. शास्त्रीय वर्गीकरणात यांचे गट वेगवेगळे, बोलण्यात आपण सगळ्यांना मऊ कोरल म्हणतो. चुन्याचा सांगाडा बांधणारे पाषाणी प्रवाळ मी ठेवलेले नाहीत. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, त्यांचं नाव आहे. जामनगरजवळच्या नरारा बेटावर ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन जिवंत प्रवाळ बघता येतात. १९८२ पासून तो सारा परिसर सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथून तुकडासुद्धा उचलायचा नाही, आणि तुम्हाला कोणी "तिकडचा माल" म्हणून काही विकायला आलं तर घ्यायचं नाही.

आता शेवाळ. उजेड, नायट्रेट आणि फॉस्फेट या तीन गोष्टी मिळाल्या की ते येतंच, आणि रीफ टँकमध्ये तिन्ही असतात. कोरलच्या अंगात एकपेशी शैवाल राहतं. ते उजेडावर साखर बनवतं आणि कोरलला त्यातला मोठा वाटा देतं. त्यामुळे दिवा प्रखर लागतो. माशांना खाऊ घातलं की विष्ठेतून नायट्रेट आणि फॉस्फेट येतं. आजव्याचं किंवा महीचं नळाचं पाणी आपल्याला प्यायला उत्तम, पण त्यात विरघळलेले क्षार टाकीत साठत जातात, म्हणून आरओ-डीआय फिल्टरने क्षार काढूनच पाणी घालावं लागतं. एवढं करूनही नव्या टाकीत पहिल्या वर्षात हिरवं केसाळ शेवाळ एकदा तरी उसळतं. आमच्याकडे दोन पावसाळ्यांपूर्वी उसळलं. दगड दिसेनासे झाले. झोआंच्या चकत्यांमधून केस वर यायला लागले आणि त्या मिटून बसल्या.

तेव्हा दुकानात गेले. दुकानदारभाई म्हणाले, "बेन, फॉक्सफेस लई जाव. आ तो लील ज खाय." लील म्हणजे शेवाळ; घेऊन जा, हा तर शेवाळच खातो, असा अर्थ. बोलले ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.

समुद्रात चरणारे जीव किती महत्त्वाचे असतात ते कॅरिबियनमध्ये दिसलं. १९८३-८४ साली तिथे डायडेमा नावाच्या लांब काळ्या काट्यांच्या अर्चिनमध्ये, म्हणजे शेवाळ चरणाऱ्या गोल काटेरी समुद्री जीवांमध्ये, रोगाची साथ आली आणि त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त मेले. जमैकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे मासे बेसुमार मासेमारीने आधीच संपत आले होते, वर चक्रीवादळाचा तडाखाही बसला होता. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथे समुद्रतळाचा निम्म्याहून जास्त भाग जिवंत प्रवाळाने व्यापलेला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो पाच टक्क्यांच्याही खाली आला आणि त्या जागी शेवाळ पसरलं. चरणारं कोणी उरलं नाही की प्रवाळ हरतो. आपल्या टाकीत चरणारा मासा आणणं म्हणूनच रास्त आहे.

पण चरणाऱ्याची भूक किती असते हेही बघायला हवं. सुएझ कालवा १८६९ साली खुला झाला. पुढे त्यातून फॉक्सफेसचे दोन चुलतभाऊ तांबड्या समुद्रातून भूमध्य समुद्रात शिरले. त्याच्या पूर्व भागात त्यांनी शेवाळाची रानंच्या रानं खरवडून काढली, इतकी की कित्येक ठिकाणी नुसता बोडका खडक राहिला. शेवाळात पाणी जास्त आणि पोषण कमी. गाय जशी दिवसभर चरते तसाच हा मासाही सकाळी दिवा लागल्यापासून रात्री विझेपर्यंत तोंड चालवत असतो. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर दाणे टाकून त्याचं भागत नाही. त्याची आतडी लांब असतात आणि त्यांत पचनाला मदत करणाऱ्या जिवाणूंचं अख्खं गाव वसलेलं असतं. टँग म्हणजे सर्जनमासे याच पंथातले. त्यांच्या आतड्यात १९८५ साली शास्त्रज्ञांना अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लांब सूक्ष्मजीव सापडला, नुसत्या डोळ्याला दिसेल एवढा. जिवाणू इतका मोठा कसा असेल म्हणून त्याला आधी भलत्याच गटात टाकलं. १९९३ साली जनुकं तपासल्यावर तो जिवाणूच ठरला. चारा पचवण्यासाठी शरीराने एवढी व्यवस्था उभी केली आहे, तर चारा थांबल्यावर काय होत असेल याचा विचार करा.

आमच्या घरी नेमकं तेच झालं. फॉक्सफेस आला, आणि दिवाळीपर्यंत दगड घासलेल्या तांब्यासारखे लख्ख झाले. आम्ही खूश होतो. मासा मात्र त्या दिवसापासून उपाशी होता, आणि ते माझ्या ध्यानातच आलं नाही. ज्या कामासाठी त्याला आणलं ते काम संपलं होतं. कामच त्याचं जेवण होतं, तेही संपलं. शेवाळ संपतं, मासा उरतो. दुकानात न सांगितलेला अर्धा भाग हा.

मग मी नोरी लावायला लागले. वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे हे कागदासारखे तुकडे आता ऑनलाइन सहज मिळतात. मसाला, तेल, मीठ काही न लावलेलेच घ्यायचे. काचेला चिकटणाऱ्या चिमट्यात लावले की मासा येऊन फाडून खातो. जानेवारीत उत्तरायण आलं. १४ तारखेला उत्तरायण, १५ ला वासी उत्तरायण. बडोद्यात या दोन दिवसांत घरात कोणी सापडत नाही, सगळे गच्चीवर. पाहुणे, उंधियू, चिक्की, वर पतंग कापल्याचा "काप्यो छे!" असा गलका. नोरी १३ तारखेलाच संपली होती आणि दुकानं बंद. दोन दिवस तर आहेत, म्हणून मी सोडून दिलं. १५ च्या संध्याकाळी खाली आले तर झोआंची एक वसाहत निम्मी मिटलेली होती आणि कडेच्या तीन चकत्यांच्या जागी नुसते देठाचे ठिपके उरले होते. माशाचं पोट कल्ल्यामागे आत गेलं होतं. त्या आठवड्यात मी कोरलबद्दल हळहळले. माशाबद्दलचं वाईट नंतर वाटलं, आणि ते अजून वाटतं.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं. मासा कोरलला तोंड लावतो त्याची कारणं वेगवेगळी असतात आणि ती ओळखता येतात. कोरल अंगावर सतत एक चिकट स्राव सोडत असतो. त्यात पाण्यातला कचरा, सूक्ष्म शेवाळ, जिवाणू अडकतात, आणि चरणाऱ्या माशाच्या दृष्टीने ती आयती साय असते. मासा ती चाटतो, कोरल दचकून मिटतो, अर्ध्या-एक तासात पुन्हा उमलतो. यात नुकसान जवळपास नसतं. लेदरच्या देठावर तर शेवाळाचा बारीक थर खरोखर चढतो, आणि मासा तो साफ करून देतो. गेल्या रविवारचा टोचा याच जातीचा होता. खुर्ची टाकून दोघी पंधरा मिनिटं बसलो. दगडावरचे टोचे मोजता मोजता भाचीचा हिशेब चुकला, लेदरवर मोजून तीन पडले. तासाभरात तुरे पूर्ण बाहेर आले.

दुसरा प्रकार भुकेचा. तेव्हा मासा त्याच जागी परत परत येतो, टोचा मारून डोकं झटकतो आणि तुकडा तोडून नेतो. एखाद्या चाव्याने कोरल मरत नाही. पण तो दिवसभर मिटून राहिला तर आतल्या शैवालाला उजेड मिळत नाही, त्याच्या पोटापाण्याची साखर घटते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत वसाहत आक्रसत जाते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की माशाने खाल्लं. खरं तर निम्मं काम उपासमारीने केलेलं असतं, आधी माशाच्या आणि मग कोरलच्या.

तिसरा प्रकार चटकेचा. एकदा चव कळली की पोट भरलेलं असतानाही काही मासे सवयीने तिकडे वळतात. कोरल ब्यूटी, फ्लेम एंजल यांसारखे बटू एंजल मासे यात जास्त. तेही दगडावरचं शेवाळ आणि कचरा टोचणारेच, पण मांसल कोरल दिसलं की प्रत्येक मासा वेगळा वागतो. एकाच जातीचे दोन मासे, एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेले, एक साधा निघतो आणि दुसरा सगळी बाग उजाड करतो. लॉनमोअर ब्लेनी नावाचा ठिपक्यांचा, डोळे फिरवत दगडावर बसणारा मासा माझा लाडका. त्याचे कंगव्यासारखे बारीक दात थर खरवडायला बनलेले असतात. तोही लहान टाकीत उपाशी राहिला की मांसल कोरल कुरतडू लागतो, आणि दुर्दैवाने तो नोरीकडे वळेलच असं नाही. म्हणून दोन-तीन फुटी, स्वच्छ टाकीत ब्लेनी नेऊ नका. शेवाळ काचेवर दिसत असेल तर ट्रोकस किंवा टर्बो गोगलगाय पुरते.

दोष माशावर टाकण्याआधी एक रात्र टाकीला द्या. दिवे विझल्यावर दोनेक तासांनी लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन बघा. झोआ खाणाऱ्या छोट्या बिनशंखी गोगलगाई, ज्यांना न्युडिब्रँक म्हणतात, त्या झोआंसारखेच रंग घेऊन त्यांच्यातच दडलेल्या असतात. पायऱ्यांच्या जिन्यासारख्या शंखाची सनडायल गोगलगाय रात्रीच जेवते. पाण्याचा खारटपणा किंवा अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पेलण्याची ताकद, डगमगली तरीही कोरल मिटतो. आमच्या ओळखीच्या एका काकांनी महिनाभर टँगला दोष दिला आणि शेवटी खरा चोर एका शंखात निघाला.

आता रोजचं सांगते, कारण सगळं यावरच अवलंबून आहे. सकाळी दिवा लागल्यावर अर्ध्या तासाने नोरीचा अर्धा कागद, संध्याकाळी हाताच्या पंजाएवढा तुकडा. चिमटा दर वेळी वेगळ्या जागी, आणि कोरलपासून शक्य तितका लांब. दिवसभर टोचायला काहीतरी राहावं म्हणून मी नोरी एका खरखरीत दगडाला रबरबँडने गुंडाळते. चिमट्यावरची नोरी मासा दहा मिनिटांत संपवतो, दगडावरची दोन-तीन तास पुरते, आणि तोंडाला काम मिळतं. स्पिरुलिनाचे दाणे मधूनमधून. उकडलेला पालक एखाद्या दिवशी चालतो, पण त्यावर ठेवू नये. तो समुद्राचा चारा नव्हे.

यावर एक शंका हमखास येते: इतकं खायला घातलं तर पुन्हा नायट्रेट-फॉस्फेट वाढून शेवाळ येणार नाही का? येईल. म्हणून निघून जाणाऱ्या मळाची वाट मोठी करायची. आमच्या टाकीखाली पाणी गाळायची दुसरी टाकी आहे, तिला संप म्हणतात. तिच्यात एक कप्पा आहे. त्यावर रात्री दिवा असतो आणि त्यात ग्रॅसिलेरिया नावाचं तांबडं शेवाळ वाढतं. पाण्यातलं पोषण ते शोषतं आणि दर आठवड्याला त्यातला मूठभर मी माशालाच घालते. परसातली मेथी खुडून घरातच भाजी करण्यासारखं आहे हे. जोडीला फेसातून घाण काढणारा स्किमर आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदल. नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ एवढ्यात राहिलं की मी निश्चिंत असते. दोन्ही शून्यावर आणायचा हट्ट मी मुळीच करत नाही. शून्यावर कोरल फिकटतात आणि डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा तपकिरी चिकटा पसरायला मोकळं रान मिळतं. त्यापेक्षा दगडावर थोडी हिरवट झाक राहू द्यावी, माशाचं ते घर आहे.

कोणते कोरल निवडायचे हेही हातात आहे. लेदरच्या अंगात टर्पीन जातीची कडवट रसायनं असतात, त्यामुळे त्यांचा लचका सहसा कोणी तोडत नाही. मश्रूमना आमचा फॉक्सफेस ढुंकूनही बघत नाही. झोआ मात्र त्याच्या जिभेला लागलेल्या आहेत, त्या मी वरच्या कडेला हलवल्या, जिथे त्याला जोराच्या प्रवाहात उभं राहून टोचावं लागतं. झोआ हलवताना काळजी घ्या. काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावायचा, झोआ घासायच्या नाहीत, आणि त्या बसलेला दगड उकळत्या पाण्यात तर कधीच टाकायचा नाही, कारण वाफेतून विषबाधा झालेली माणसं इस्पितळात गेली आहेत.

इतकं करूनही महिन्याभरात वसाहत आक्रसतच राहिली, मासा गुटगुटीत असून टोचतच राहिला, तर त्याला दुसरं घर शोधावं. नुसते मासे असलेल्या टाकीचा मालक तो आनंदाने घेतो. पकडायचा रात्री. झोपलेला फॉक्सफेस पिवळा रंग सोडून मळकट ठिपक्यांचा होतो, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो आजारीच वाटला होता. त्याच्या पाठीवरचे काटे विषारी असतात, त्यामुळे हात न लावता जाळी आणि पारदर्शक डबा वापरायचा. काटा लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरांकडे जायचं. नदीत किंवा समुद्रात मात्र सोडायचा नाही. बडोद्याच्या विश्वामित्री नदीच्या गोड्या पाण्यात तो मरेल, आणि परक्या समुद्रात जगला तर काय होतं ते भूमध्य समुद्राने बघितलं आहे.

आम्ही त्याला ठेवायचं ठरवलं आहे. तीन झोआ गेल्या, बाकीच्या सावरल्या, आणि उत्तरायणानंतर त्याने एकही चकती तोडलेली नाही. नोरीची दोन पाकिटं आता घरात कायम असतात. गावाला जायचं झालं तर समोरच्या वहिनींकडे मोजून कापलेले तुकडे तारीख घालून ठेवते.

भाचीने तिच्या वाढदिवसाच्या पैशांतून झोआंचा एक केशरी फ्रॅग, म्हणजे वसाहतीतून काढलेला छोटा तुकडा, आणला आहे. नवा फ्रॅग मासा हमखास चाखतो. एक तर तो नवा, आणि दुसऱ्या टाकीचं शेवाळ त्याच्या बुडाशी चिकटून आलेलं. म्हणून बूड जुन्या टूथब्रशने, हातमोजे आणि चष्मा घालून, झोआंना न लागता घासलं आणि फ्रॅग वाळूत ठेवून त्यावर स्ट्रॉबेरीची जाळीदार प्लास्टिकची टोपली पालथी घातली, वर दगड. पाणी खेळतं, उजेड जातो, तोंड जात नाही. पहिले दोन दिवस फॉक्सफेस टोपलीला चिकटून होता, तिसऱ्या दिवशी नुसता वळसा घालून गेला, काल तर तिकडे वळलाही नाही. टोपली रविवारी काढायची, आणि त्याआधी टाकीच्या दुसऱ्या टोकाला नोरीचा पूर्ण कागद लावायचा. ते काम भाचीचं.